मेजर, कॅमेरा घ्या. पण फंड मोडून नव्हे

पत्र :

'ताई, नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातला. इन्फंट्रीत १९ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून गेल्या वर्षी पेन्शन आलो. वय ३८. युनिटमध्ये बोर्ड रंगवणं, सँड मॉडेल (जमिनीची छोटी प्रतिकृती), बडा खान्याची (युनिटच्या मेजवानीची) सजावट आणि कार्यक्रमांचे फोटो ही कामं माझ्याच गळ्यात पडायची, आणि मला ती आवडायचीही. आता फोटोग्राफी आणि डिझाइनचा व्यवसाय करायचा आहे. घरचे म्हणतात, बँकेत गार्डची नोकरी धर, नाहीतर माजी सैनिक कोट्यातली भरती बघ. साताऱ्यातली विशीतली पोरं रील्स काढून सीझनला लाखांत खेळतात. त्यांच्याकडं बघितलं की माझी १९ वर्षं वाया गेली असं वाटतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फौजेतल्या अनुभवाचा या धंद्यात काही उपयोग आहे का? या वयात पुण्याला जाऊन डिग्री करावी का? कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनच्या काही भागाऐवजी एकरकमी मिळणारे, पैसे आलेत, त्यातून कॅमेरा, लेन्स, ड्रोन, कॉम्प्युटर असा पूर्ण सेट एकदमच घ्यावा का? काही फोटो जोडतोय. मेव्हण्याच्या वाघ्या घेवड्याच्या पाकिटासाठी केलेलं लेबलही जोडलंय. बायको बचत गटाचे हिशेब बघते. तिचं म्हणणं, पैसे काढायच्या आधी ताईंना विचारा.'

उत्तर :

भाऊ, नमस्कार. गावात तुम्हाला आता 'मेजर'च म्हणत असतील. आपल्याकडं पेन्शन आलेला शिपाईसुद्धा मेजरच असतो, तुम्ही तर हवालदार!

तुमच्या प्रश्नांना हात घालण्याआधी फोटोंबद्दल बोलते. अजिंक्यताऱ्यावरचा सूर्योदय, ठोसेघरचा धबधबा, कासची फुलं, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. सगळे नीट काढलेत, क्षितिज सरळ आहे, रंग चांगले आलेत. आणि हे सगळे फोटो मी आधी पाहिलेले आहेत. तुमचे नव्हे, दुसऱ्या शंभर जणांचे. पतसंस्थांच्या कॅलेंडरवर दर वर्षी हेच असतात. या फोटोंवर तुम्ही धंद्यात उतरलात, तर ती रील्सवाली पोरं तुम्हाला मागं टाकतील, कारण त्यांच्याकडं ड्रोन आहे आणि गुडघे शाबूत आहेत.

पुतण्याच्या लग्नातला ग्रुप फोटो बघून मात्र मी मोठ्यानं हसले. रागावू नका. सगळे उंचीनुसार उभे, खांदे सरळ, हात बाजूला, नवरदेव मध्ये, ज्याला धरून रांग लावतात त्या मार्करसारखा. करवल्यासुद्धा सावधानमध्ये! पासिंग आउट परेड आहे ती. पुढच्या वेळी असा फोटो जरूर काढा, कारण घरच्यांना तो हवाच असतो. पण 'झालं, थँक्यू' असं म्हणा आणि कॅमेरा खाली घेऊ नका. त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत माणसं ढिली पडतात, मावशी पदर सावरते, कुणीतरी कुणाच्या तरी कानात बोलतं. अल्बमचं पान तिथं मिळतं.

आणि मग तो एक फोटो. नोव्हेंबरमधला, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांचा. सात-आठ जण आहेत. दोघांच्या डोक्याला फेटा, एकाच्या अंगावर अजून ते ऑलिव्ह ग्रीन जर्सी स्वेटर, कोपरावर ठिगळ. कडेला एक आजी, मांडीवर दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पेन्शनची कागदं, आणि पिशवीचं तोंड मुठीत असं घट्ट धरलंय की बोटांची पेरं पांढरी पडलीत. कुणी कॅमेऱ्याकडं बघत नाही. सगळे बँकेच्या शटरकडं बघतायत. पत्रात तुम्ही या फोटोबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. बहुतेक चुकून जोडला गेला असावा.

हा फोटो विशीतल्या पोराला जमला नसता. त्याला त्या पायऱ्यांवर काही 'घडतंय' असंच वाटलं नसतं. तुम्हाला वाटलं, कारण वाट बघणं म्हणजे काय हे तुम्ही जगलात. बाहेरच्या लोकांना वाटतं फौज म्हणजे गोळीबार आणि बर्फ. तुम्हाला माहीत आहे की फौज म्हणजे मुख्यतः थांबणं. ड्युटी बदलायची वाट, रजेच्या चिठ्ठीची वाट, गाडीची वाट, फोनच्या टॉवरची वाट.

इलियट अर्विट नावाचा एक मोठा अमेरिकी फोटोग्राफर होऊन गेला, २०२३ मध्ये वारला. १९५१ मध्ये त्याला सक्तीच्या भरतीत फौजेत जावं लागलं. तिथं त्यानं कवायतीचे आणि तोफांचे फोटो नाही काढले. बराकीत कंटाळून पडलेल्या जवानांचे काढले. खाटा, लोळणारी शरीरं, रिकामा वेळ. 'लाइफ' मासिकाच्या तरुण फोटोग्राफरांच्या स्पर्धेत त्या फोटोंना बक्षीस मिळालं. पुढं त्यानं आयुष्यभर जाहिरातीची कामं करून पोट भरलं आणि स्वतःसाठी रस्त्यावरची साधी, गमतीशीर माणसं टिपली. फौजेनं त्याला युद्ध दाखवलं नव्हतं, कंटाळा दाखवला होता. आणि त्यानं तो वाया जाऊ दिला नाही.

तेव्हा १९ वर्षांचं काय, याचं अर्धं उत्तर त्या पायऱ्यांवर आहे. उरलेलं अर्धं तुमच्या फील्डक्राफ्टच्या, म्हणजे लपायला आणि टेहळायला शिकवणाऱ्या, पिरियडमध्ये.

रिक्रूट असताना उस्तादांनी तुम्हाला एक धडा घोटून घेतला असेल : 'चीजें क्यों नजर आती हैं'. एनसीसीच्या पोरांनाही तो शिकवतात. आकार, चमक, सावली, आकाशावर उठणारी आकृती, पृष्ठभाग, वस्तूंमधलं अंतर आणि हालचाल. शत्रूला दिसू नये म्हणून यातली प्रत्येक गोष्ट कशी मोडायची, हे तुम्ही चिखलात लोळून शिकलात. घड्याळाची काच चमकते, टेकडीच्या माथ्यावर उभा राहिलेला माणूस मैलावरून दिसतो, सारख्या अंतरावर लावलेली झुडपं डोळ्यात भरतात कारण निसर्ग असा मोजून झाडं लावत नाही. आता हाच धडा उलटा करा. ज्याचा फोटो काढायचा, तो दिसावा म्हणून यातलं काय वापरायचं? डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षी आकृती आणि पार्श्वभूमी या नावाखाली जे शिकवतात, त्यातलं बरंचसं हेच. फरक इतकाच की तिथं चुकलं तर मार्क जातात.

वाईजवळच्या बावधनच्या बगाडाचं उदाहरण घ्या. उंच शिड लावलेला लाकडी गाडा, आणि शिडाला टांगलेला नवसाचा माणूस, म्हणजे बगाड्या. रंगपंचमीला सोनेश्वरापासून निघालेलं बगाड, बैलांच्या जोड्या, गुलाल, हजारो डोकी. दर वर्षी शेकडो फोटो निघतात आणि बहुतेकांत शिडाला टांगलेला बगाड्या गर्दीत हरवलेला असतो, कारण फोटोवाला गच्चीवर चढून खाली बघत असतो. वरून पाहिलं की माणूस गर्दीच्या रंगात मिसळतो. तुम्ही खाली बसा. शेतात, गाड्याच्या वाटेच्या कडेला, जमिनीलगत. मग बगाड्याच्या मागं फक्त आकाश येतं आणि तो एकटा माणूस तुटून दिसतो. माथ्यावर उभं राहू नकोस म्हणून तुम्हाला ज्या कारणानं ओरडा बसायचा, त्याच कारणानं. बैल उधळले तर बाजूला कसं व्हायचं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

दुसरा धडा, 'जमीन का बयान'. आम रुख, म्हणजे बघायची मुख्य दिशा, ठरवायचा, मग नजदीक, दरम्यान, दूर असा मुलूख वाचायचा. कासचे तुमचे फोटो सगळे 'दूर'चे आहेत : रंगाचा गालिचा आणि वर ढग. नजदीक कुठं गेलं? दरम्यान कुठं गेलं? पुढं सीतेची आसवं एवढीशी, जांभळी, दवानं ओली. मध्ये कातळावरच्या पाण्यात पडलेलं ढगाचं प्रतिबिंब. आणि मागं तो गालिचा. तीन थरांत फोटो बांधला की बघणारा त्यात चालत जातो. (फक्त कासला क्रॉलिंग करू नका. ठरलेल्या वाटेवरूनच काढा. जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये गेलेलं पठार आहे ते, आपल्या कोपरांखाली चिरडायला नाही.)

श्वास रोखून ट्रिगर हळू पिळायची सवय मंद शटरला कामी येते, हे तुम्हाला कळलंच असेल. देवळाच्या गाभाऱ्यात, फ्लॅश न मारता, हातात कॅमेरा धरून समईच्या उजेडातला फोटो काढायचा, तर तुमच्याइतका स्थिर हात साताऱ्यात फार जणांचा नसेल.

आता फौजेनं बिघडवलेलंही सांगते. काय बघायचं हे तिथं कुणीतरी ठरवून द्यायचं. आर्क (नजर ठेवायचा टापू) द्या, हद्द द्या, वेळ द्या, जवान डोळे लावून बसतो. या धंद्यात तसा हुकूम येत नाही. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'काहीतरी वेगळं करा'. त्यावर 'जी साहेब' म्हणून कामाला लागलात तर गिऱ्हाइकाला जे नको होतं तेच हाती पडेल, आणि पैसे अडकतील. तुमच्या पत्रातही ते जाणवतं. तीन प्रश्न, तिन्ही परवानगी मागणारे. तुम्हाला काय काढायचं आहे, हे चार पानांत कुठंच नाही.

एडवर्ड स्टायकेन हे नाव ऐकलं नसेल तर ऐकून ठेवा. पहिल्या महायुद्धाआधी तो धूसर, चित्रासारखे फोटो काढायचा आणि चित्रंही रंगवायचा. युद्धात त्यानं फ्रान्समध्ये अमेरिकी फौजेच्या हवाई छायाचित्रणाचं काम सांभाळलं. विमानातून घेतलेल्या फोटोत खंदक, रस्ता, तोफ ओळखू आली पाहिजे. तिथं धुकं चालत नाही. परत आल्यावर त्यानं आपली रंगवलेली चित्रं जाळून टाकली आणि एक पांढरी कपबशी मांडून तिचे फोटो काढत बसला. एकच कपबशी, शेकड्यांनी फोटो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या किती पायऱ्या पकडता येतात ते बघायला. मग १९२३ पासून 'व्होग' आणि 'व्हॅनिटी फेअर' या मासिकांसाठी त्यानं जे काम केलं, त्यानं फॅशनच्या फोटोची तऱ्हाच बदलली. काटेकोरपणा फौजेतून आला, हे खरं. पण कपबशीचा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता.

तुम्हीही स्वतःला एक काम लावून घ्या. मी एक सुचवते, नाही पटलं तर दुसरं शोधा. फौजी घरात पोटमाळ्यावर किंवा कॉटखाली ती काळी पत्र्याची ट्रंक असतेच. पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव. कधी स्टेन्सिलनं, कधी कुणा हौशी जवानानं ब्रशनं काढलेलं. आता त्या ट्रंकेत गहू आहेत, गोधड्या आहेत, नातवाचं क्रिकेटचं सामान आहे. त्या ट्रंका काढा, आणि ट्रंकेशेजारी घरातलं माणूस. सुरुवात अपशिंगे मिलिटरी या गावापासून करा. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे तिथं, आणि घराघरांत आजही फौजेतला माणूस. बाहेरचा फोटोग्राफर गेला तर त्याला चहा मिळेल. तुम्ही गेलात तर ट्रंक उघडली जाईल. ती अक्षरं जशीच्या तशी टिपा, त्यांतली वळणं उतरवून काढा. बोर्ड रंगवणाऱ्या हाताला त्यात काय आहे ते लगेच कळेल, आणि डिझाइनर म्हणून तुमची ओळख अशा अक्षरांतून होऊ शकते. नंबर मात्र जगजाहीर करताना झाकायचा.

आता लेबल. भाऊ, एका अर्ध्या किलोच्या पाकिटावर तुम्ही तिरंग्याची पट्टी, दोन तलवारी, उगवता सूर्य, राजमुद्रा, शेतकरी, बैलजोडी आणि चार प्रकारचे फाँट घातलेत. घेवडा कुठाय? शोधला तेव्हा खालच्या कोपऱ्यात सापडला. तिरंगा काढा, राष्ट्रध्वजाचा व्यापारी वापर १९५० च्या बोधचिन्हांच्या कायद्यात बसत नाही. रेजिमेंटचं चिन्हही पुढंमागं कधी दुकानाच्या लोगोत घालायचा मोह झाला तर आवरा. आणि राजमुद्रा काढा, कारण हे पाकीट फाडून लोक कचऱ्यात टाकणार आहेत. तेवढं एकच कारण पुरे.

उरला घेवडा. त्याच्या अंगावर आधीच डिझाइन आहे! त्या लालसर रेघा बघा, त्यावरूनच तर त्याला वाघ्या म्हणतात. एक दाणा घ्या, खिडकीतल्या आडव्या उजेडात ठेवा, मोठा करून काढा, आणि त्या रेघाच पाकीटभर जाऊ द्या. वर नाव, तुमच्या हातानं ब्रशनं लिहिलेलं. मागं निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, मेव्हण्याचा पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) क्रमांक, हिरवा ठिपका. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, पण ते चिन्ह छापायला मेव्हण्याचं अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागलेलं हवं. नसेल तर आधी ते करायला सांगा.

इथंही तुम्हाला फौजेतलंच काही आठवलं पाहिजे होतं. सँड मॉडेलवर ब्रीफिंग देताना तुम्ही भुसा रंगवून टेकडी केली, चुन्यानं रस्ता आखला. खऱ्या जमिनीवरची झाडं, विहिरी, देवळं सगळी मांडली होती का? नाही. हल्ल्याला लागेल तेवढंच. उरलेलं काढून टाकलं म्हणून तर मागच्या रांगेतल्या जवानालाही कळलं. अब्राम गेम्स हा ब्रिटिश पोस्टरकार दुसऱ्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून इन्फंट्रीत भरती झाला होता. बाप फोटोग्राफर, त्याच्याकडून एअरब्रश शिकलेला. पुढं वॉर ऑफिसनं, म्हणजे ब्रिटिश युद्धखात्यानं, त्याला पोस्टरच्या कामाला लावलं आणि त्यानं शंभराच्या आसपास पोस्टरं केली. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त अर्थ, हे त्याचं सूत्र. बराकीतला थकलेला जवान भिंतीकडं किती वेळ बघतो, हे त्याला बराकीत राहून ठाऊक होतं. साताऱ्यात पोवई नाक्यावरचा मोटारसायकलवाला फ्लेक्सकडं त्याहूनही कमी वेळ बघतो.

तुमच्या पत्रात एक ओळ खोडलेली आहे. शाई दाट नव्हती, मला वाचता आली. युनिटमध्ये तुम्ही एका जोडीदाराचा फोटो काढला होता, साधाच, रेकॉर्डसाठी. आणि काही महिन्यांनी तोच मोठा करून, हार घालून त्याच्या घरी लागला. त्यावर मी काही सांत्वन लिहिणार नाही, तुम्ही ते मागितलेलं नाही. पण ती ओळ खोडायची नव्हती. आपल्याकडं गावातलं माणूस गेलं की फोटोची शोधाशोध सुरू होते. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून डोकं कापून घेतात, किंवा आधार कार्डावरचा काळवंडलेला चेहरा मोठा करतात, आणि तोच फ्लेक्सवर, तोच भिंतीवर. ज्या आजीनं ८० वर्षं घर ओढलं, तिचा मागं उरलेला चेहरा सरकारी वेबकॅमनं काढलेला. तुम्ही खेड्याखेड्यांत जाऊन घरातल्या थोरल्या माणसांचा एक चांगला फोटो काढायचं काम सुरू करा. अंगणात, सावलीत, त्यांच्या रोजच्या जागी. प्रिंट फ्रेमसकट, ठरलेल्या दरात. हयातीत, हसऱ्या तोंडाचा. स्टुडिओवाल्यांना या कामात पैसा दिसत नाही म्हणून ते करत नाहीत. मला वाटतं, गावं जवळ असतील आणि एका वारीत दहा घरं होत असतील तर पैसाही आहे.

आता झटपट उरलेलं.

डिग्री नको. तीन-चार वर्षं आणि पुण्याचं भाडं, त्यातून मिळणार कागद. आणि या धंद्यात कागद कुणी मागत नाही. साताऱ्यातच डीटीपीच्या क्लासला तीन महिने जा, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप हातात येऊ द्या. मराठीसाठी युनिकोड फाँटची सवय लावा. मुक्ता, बलू यांच्यासारखे चांगले फाँट मोफत मिळतात, आणि शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घेतल्याशिवाय प्रेसला काही पाठवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन माजी सैनिकांसाठी सध्या कोणती प्रशिक्षणं आणि कर्जयोजना चालू आहेत ते विचारा. चित्रं बघायची सवय लागायला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं, आणि औंध संस्थानचे ते राजे स्वतः चित्रकार होते. एकेका चित्रासमोर बसून उजेड कुठून आलाय तेवढंच शोधा. घाई करू नका.

तुळशीचं लग्न झालं की सीझन लागेल. त्या एका सीझनसाठी साताऱ्यातल्या चांगल्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडं दुसरा कॅमेरा म्हणून राबा. तो बहुधा २५ वर्षांचा असेल आणि तुम्हाला 'काका, लाइट जरा वर धरा' म्हणेल. धरायचा. तिथं तुम्ही रिक्रूट. पण वेळेवर पोचणं, रात्रीच कार्ड दोन ठिकाणी उतरवणं, बॅटऱ्या भरून ठेवणं, पावसात बॅगेवर आधी प्लॅस्टिक टाकणं यात तुम्ही त्याचे उस्ताद आहात, आणि हे त्याला एका आठवड्यात कळेल.

पूर्ण सेट अजिबात घेऊ नका. दोन कार्ड बसणारी एक वापरलेली पण चांगली बॉडी, एक ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स, एक फ्लॅश. बाकी लागेल तेव्हा भाड्यानं. कॉम्प्युटर हवाच, तो फोटो आणि डिझाइन दोन्हीला लागतो. ड्रोन यंदा नको. २५० ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण त्याहून मोठा घेऊन लग्नाची कामं घ्यायची तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र आलं. शिवाय कुठं उडवायचा आणि कुठं नाही, हे नकाशावर बघावं लागतं. तो खर्च कमाईतून होऊ द्या. कम्युटेशनची रक्कम मुलांच्या शिक्षणाची आणि घराची आहे. तिच्यातला एक ठरलेला, लहान हिस्सा धंद्याला द्या आणि तो बुडाला तर बुडाला म्हणायची तयारी ठेवा. गार्डच्या नोकरीला नाक मुरडू नका. रात्रपाळी मिळाली तर पहिली दोन वर्षं ती नोकरी आणि दिवसा हे, असंही चालतं. पेन्शन हातात असल्यामुळं तुम्हाला एक चैन परवडते, जी त्या पोरांना परवडत नाही : नको ते काम नाकारायची.

पोस्टिंगवर काढलेले जे फोटो तुमच्याकडं असतील, ते पोर्टफोलिओत टाकू नका. चौक्या, रस्ते, गाड्या, साथीदारांचे चेहरे, कितीही सुंदर बर्फ पडलेला असो. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा पेन्शन आल्यावर सुटत नाही, आणि मोबाइलच्या फोटोत जागेचा ठावठिकाणा लपलेला असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक कागद मात्र प्रत्येक कामाला करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळं ठरलेलं नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, तुम्ही नाही. तेव्हा कोटेशनमध्येच लिहा की हे फोटो माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवता येतील. त्याच कागदावर ॲडव्हान्स किती, अल्बमची पानं किती, डिझाइनमध्ये बदल किती वेळा, तेही लिहा. नातेवाइकांना तर आधी द्या तो कागद. मेव्हण्यालासुद्धा. 'आपल्यातलाच आहे' म्हणून लेबल फुकट करून द्याल, आणि मग सगळा तालुका आपल्यातलाच निघेल.

दर सांगताना तुमची जीभ अडखळणार, हे मला पत्रावरूनच दिसतंय. महिन्याच्या महिन्याला खात्यात पगार पडण्याची सवय असलेल्या माणसाला स्वतःच्या कामाची किंमत तोंडानं सांगणं अवघड जातं. वहिनी बचत गटाचे हिशेब बघतात ना? मग कोटेशन, बिलबुक आणि फोनवरची दराची बोलणी त्यांच्याकडं द्या. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) ऑनलाइन मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे द्यायचे नाहीत, हेही त्यांनाच सांगा. त्या देणार नाहीत.